वरच्या गावात फायबर आणण्याची माझी मोहीम

४ मार्च, सकाळी

आजपासून रोजनिशी. कुणी वाचावी म्हणून नाही. पण उद्या कुणी विचारलं की आनो मिल्यात, म्हणजे आमच्या वरच्या गावात, फायबर आणली कुणी, तर उत्तर कुठेतरी लिहिलेलं असावं. आपले लोक फार लवकर विसरतात. उपकार विसरायला त्यांना एक कप कॉफी पुरते.

निमित्त: काल दनाईचा फोन. मुलगी माझी, स्टुटगार्टला असते, घरांचे नकाशे काढते. म्हणाली, बाबा, ऑफिसनं सांगितलंय, कुठूनही काम करा. आम्ही तिघं गावी येऊन राहायचं म्हणतोय. कायमचं. लार्सला तिकडच्याच बालवाडीत घालू. फक्त नेट चांगलं पाहिजे, फाइली मोठ्या असतात, दिवसभर पाठवाव्या लागतात. ते नसेल तर मात्र नाही जमायचं.

मी म्हणालो, नेट ना? माझ्यावर सोड.

स्वयंपाकघरातून एव्हान्थिया, म्हणजे आमची सौभाग्यवती, मोठ्यानं म्हणाली, झालं कल्याण.

तिच्याकडे लक्ष द्यायचं नाही असं ठरवलं आहे. मी उभा जन्म टेलिफोन खात्यात काढला. सगळं गाव मला इंजिनियर म्हणतं. होतो बिलिंगमध्ये, पण वायर ती वायर.

नातवाचं नाव थ्रासिव्हूलोस ठेवायला हवं होतं, आजोबाचं ठेवतात आमच्यात. लार्स ठेवलं. असो. इथं आला की वळण लागेल.

संकल्प: ऑगस्टच्या आत या घरात फायबर. आधी सर्व प्रकारांचा शास्त्रशुद्ध अभ्यास.

६ मार्च

प्रकार पहिला: तांब्याची तार. घरात आहे ती.

टेलिफोनचा डबा खालच्या गावात, कातो मिल्यात. तिथून तार डोंगर चढून आमच्याकडे येते. येईपर्यंत तिच्यात काही उरत नाही. खालच्यांकडे सिनेमा चालतो, आमच्याकडे पोस्टर दिसतं. पोस्टरही अर्धं. वारा सुटला की बंद, पाऊस पडला की बंद, बकऱ्यांनी खांबाला पाठ घासली की बंद. आणि खालचे लोक कोण? ज्यांना अजून बीन्सचं सूप धड करता येत नाही ते.

स्पीड मोजायला बसलो. स्पीड मोजायचं पानच उघडेना. तासभर बघत बसलो. वीट आला.

निष्कर्ष: तांबं भांड्यांना चांगलं.

११ मार्च

प्रकार दुसरा: मोबाइलच्या टॉवरवर चालणारा राउटर. आणला. दुकानदार म्हणाला, लावला की झालं. लावला. नाही झालं. दिवाणखान्यात नाही, बाल्कनीत नाही, माळ्यावर नाही. हातात धरून घरभर फिरलो. एव्हान्थिया म्हणाली, धूप घालतोयस का? मग धूप तरी आण, घराला वास तरी येईल.

शेवटी सिग्नल सापडला. संडासच्या खिडकीत.

१७ मार्च

रविवारचा फोन संडासातून. मी आणि एव्हान्थिया दाटीवाटीनं, मागे टाइल्स. उवेनं, म्हणजे जावयानं, फार अदबीनं विचारलं की तुम्ही हॉस्पिटलात आहात का. जर्मन माणूस, काळजी करतो. दनाईनं फक्त विचारलं, बाबा, होईल ना?

मी म्हणालो, हा तात्पुरता प्रकार आहे.

तात्पुरता म्हणजे किती, असं एव्हान्थियानं विचारलं. ती उभी होती, मी बसलेलो. प्रकरण फार अपमानास्पद.

१९ मार्च

प्रकार तिसरा: उपग्रहाचं नेट, आकाशातून. डिश.

हा प्रकार आमच्या मेव्हण्याकडे आहे. पान्देलिस. चौकात त्याचं कॉफीचं दुकान. छपरावर पांढरी डिश, जेवणाच्या ताटाएवढी, आणि तिच्यावर याचा गर्व गाडीभर. सगळं गाव तिथं पडीक. म्हातारे खलाशी नातवंडांशी बोलतात, फादरसुद्धा मोबाइलवर फुटबॉल बघतात. मी पाऊल टाकत नाही. टाकलं तर तत्त्वासाठी टाकतो.

आज तत्त्वासाठी टाकलं. चालतं कसं ते बघावं म्हणून. चालतं. वाईट वाटलं.

पान्देलिस सगळ्यांदेखत म्हणाला, दाजी, शनिवारी मोकळा आहे मी. एक डिश टाकू तुमच्या कौलांवर. दुपारच्या जेवणाच्या आत पोरीचं काम झालं समजा.

मी म्हणालो, शेजारणीकडून मीठ आणायला कुणी चंद्रावर जातं का? डोंगर उतरून चार पावलांवर आपली तार, आणि आपण परक्या कुणाच्या तरी उपग्रहापुढे हात पसरायचे? उद्या त्याची मर्जी फिरली तर? त्यानं बटण बंद केलं तर?

पान्देलिस म्हणाला, मग तुम्ही संडासात बसा.

लोक हसले. आपल्या देशाचं हेच दुखणं. ज्याला तत्त्व आहे त्याला हसतात.

संकल्प: डिश नाही. कदापि नाही.

२५ मार्च

राष्ट्रीय दिवस. झेंडा लावला. तळलेला कॉड मासा, लसणाची चटणी. जेवता जेवता सगळं लख्ख दिसलं.

हा प्रश्न माझ्या घराचा नाही. देशाचा आहे. वीज आली तेव्हा कुणी विचारलं होतं का, वरच्या गावात किती बल्ब लागतील? नाही. देशानं खांब रोवले, दिवे लागले. रस्त्याचं तेच. कुठल्याही कंपनीला आमच्या मूठभर चुलींसाठी डोंगर चढायला परवडत नाही, परवडणारही नाही. कंपनी घरं मोजते. देशानं मोजायचं नसतं. म्हणून फायबर देशानं घालायची, प्रत्येक दारापर्यंत, शेवटच्या बकरीच्या गोठ्यापर्यंत. नाही घातली तर पोरं स्टुटगार्टला जातात आणि नातवंडांची नावं लार्स ठेवतात.

हे सगळं बोललो. एव्हान्थिया म्हणाली, लसूण जास्त झाला तुला. मग थोड्या वेळानं म्हणाली, पण बरोबर आहे रे तुझं. तेवढी डिश लावून घे आणि मग लढ देशासाठी.

बायकांना मोठं चित्र दिसत नाही.

संकल्प: मंत्रालयाला निवेदन. विषय: राष्ट्रीय गुंतवणुकीची बाजू.

१० एप्रिल

निवेदन पूर्ण. तक्ते, तुलना, झुकलेल्या खांबांचे फोटो, वरच्या गावाचा इतिहास प्राचीन काळापासून. असं निवेदन त्या मंत्रालयानं बघितलं नसेल.

पाठवायला घेतलं. फाइल मोठी. जाईना. संडासातून प्रयत्न केला, जाईना. तांब्यावरून लावून ठेवलं आणि शेतातून रानभाजी खुडून आलो, तरी जाईना. अर्ध्यावर गेलं आणि बकऱ्या आल्या.

दुपारी: पान्देलिसकडे गेलो. संशोधन म्हणून. बटण दाबलं, कॉफी टेबलावर यायच्या आत गेलंसुद्धा. पान्देलिस दुकानभर ओरडला, ऐका हो, दाजींचा देश माझ्या डिशवरून चाललाय!

कॉफी टाकून उठलो. तिचे पैसे मात्र घेतले त्यानं.

१७ एप्रिल

विजय! विजय!

आमच्या गावच्या अध्यक्षबाई स्तामाता यांनी चौकात जाहीर केलं: फायबर येतेय. देशाचा आणि युरोपचा पैसा, खालून वर चर खणणार, प्रत्येक घरात. ईस्टर झाला की काम सुरू.

निवेदन पाठवून आठवडा झाला. आठवडा! मी सरकारला उगाच नावं ठेवत होतो.

स्तामाताबाईंना म्हणालो, निवेदन वाचलेलं दिसतंय. त्या म्हणाल्या, कसलं निवेदन? मंजुरी गेल्या वर्षाआधीच्या वर्षी आलीय, मी चपला झिजवल्यात तिच्यापायी. राजकारणी बाई. श्रेय कसं देणार?

दनाईला फोन केला. म्हणालो, सामान बांध. ती म्हणाली, बाबा, नक्की ना? आम्ही इथलं घर सोडू, लार्सची बालवाडीतली जागा सोडू, मग मागं फिरता यायचं नाही. मी म्हणालो, इंजिनियरची मुलगी ना तू?

तिनं डोळे पुसले. आनंदानं. मीही पुसले. संडासात तसंही डोळ्यांत चुना पडतो.

२ मे

लार्सच्या खोलीला रंग देतोय. निळा. पलंगालाही निळा. एव्हान्थिया गाते आहे. किती वर्षांनी.

१३ मे

काम सुरू. घडीची खुर्ची घेऊन सकाळी हजर. देखरेख कुणीतरी करायलाच हवी.

घोर निराशा. याला चर म्हणतात? तळहाताएवढा रुंद, आणि खोली इतकी की कोंबडीनं पाय मारला तर तार वर येईल. आमच्या खात्याच्या काळी माणूस चरात उतरला की फक्त टोपी दिसायची. मी स्वतः पाहिलं नाही, पण त्याची बिलं माझ्या हातून गेलीत.

फोरमन आर्गिरिस. खालच्या गावाचा जावई, त्यातच सगळं आलं. म्हणाला, काका, याला याहून खोल लागत नाही, नवी पद्धत आहे. मला काका म्हणाला.

१५ मे

तिसरा दिवस खुर्चीवर. आर्गिरिसला तुलनात्मक माहिती दिली. त्यानं कानात कापूस घातला. खरोखरचा कापूस.

१६ मे, दुपारी

चर आमच्या दारापर्यंत आला. मी चरात उभा राहिलो. म्हणालो, माझ्या दारासमोर अशी थट्टा चालणार नाही. खोल खणा, नाहीतर मला पुरा.

आर्गिरिस म्हणाला, दुसरं सोपं पडेल.

स्तामाताबाई धावत आल्या. त्यांनी आर्गिरिसला हात जोडले, बाबा, यांच्या दारापुढं विहीर खण हवी तर, पण यांना गप्प कर.

खणलं. खोल. मशीन खणकन वाजलं. दगड. मोठा, चौकोनी, कडा ताशीव. त्याला लागून दुसरा. तिसरा.

सगळे चराच्या काठाशी वाकले.

आता आपल्या देशात असा दगड लागला की काय करायचं हे लहान पोरालाही ठाऊक असतं. वर माती लोटायची, छातीवर क्रॉसची खूण करायची आणि हवापाण्याच्या गप्पा मारायच्या. कारण एकदा का पुरातत्त्ववाल्यांना कळलं, की घर बांधणाऱ्याचं घर राहून जातं आणि लग्न ठरलेल्याचं लग्न. आर्गिरिसनं फावडं उचललंसुद्धा. स्तामाताबाई म्हणाल्या, मला काही दिसलं नाही, चष्मा घरी राहिलाय. चष्मा त्यांच्या नाकावर होता. पान्देलिस म्हणाला, दाजी, माती टाका, चला, आज कॉफी माझ्याकडून.

फुकट कॉफी. पान्देलिसकडून. तिथंच मला संशय आला की इथं देशाच्या विरुद्ध काहीतरी चाललंय.

एव्हान्थिया दारात उभी होती. हळू म्हणाली, थ्रासिव्हूलोस, पोरगी येतेय. आत चल.

१६ मे, संध्याकाळी

शांतपणे विचार केला. फायबर ही उद्याची गुंतवणूक, दगड ही कालची. दोन्ही राष्ट्रीय. दोन्ही माझ्या दारात. मंत्री येतील. कदाचित दोन मंत्री. रस्ता रुंद होईल. दगडावर अक्षरं निघाली तर पाटीवर शोध लावणाऱ्याचं नाव घालतात.

पुरातत्त्व खात्याला फोन केला. तांब्यावरून. एका झटक्यात लागला, आवाज घंटेसारखा स्वच्छ. म्हटलं, हा शुभशकुनच.

१७ मे

पुरातत्त्वाच्या बाई आल्या. उरानिया नाव. केसांत माती, बुटांत माती, बोलणं गोड. चराभोवती, आमच्या घराभोवती लाल-पांढरी पट्टी बांधली. काम बंद.

माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, तुमच्यासारखी माणसं आता उरली नाहीत.

आर्गिरिसही हेच म्हणाला. सूर वेगळा होता.

२४ मे

बाईंना विचारलं, किती दिवस? म्हणाल्या, समितीपुढं जाईल. विचारलं, समिती कधी बसते? त्यांनी आकाशाकडं बघितलं.

मी अजून आशावादी आहे. एव्हान्थिया गात नाही.

३१ मे

अक्षरं नाहीत. भिंत आहे. रोमन काळातली. मी विचारलं, देवळाची? बाई म्हणाल्या, नाही. राजवाड्याची? नाही. डुकरांच्या गोठ्याची असावी, म्हणाल्या. मोठा दिसतोय. तुमच्या अंगणाखालून मागं गेलाय. फार महत्त्वाचा आहे, असे गोठे सापडत नाहीत.

डुकरं! दोन हजार वर्षांपूर्वी मेलेली डुकरं! त्यांना देशाचं संरक्षण, आणि मला संडासची खिडकी! शी! जेवण गेलं नाही.

४ जून

आर्गिरिसनं मशीन गाडीवर चढवलं. युरोपचा पैसा उन्हाळ्याच्या आत खर्च व्हायला हवा, म्हणाला, समितीला थांबलो तर परत जाईल. वरच्या गावाची तार आता खालच्या गावात घालणार, तिथल्या गल्ल्या राहिल्याच होत्या.

खालच्या गावात. कातो मिल्यात. प्रत्येक घरात.

मी म्हणालो, हा अन्याय आहे, मी निवेदन देईन. तो म्हणाला, द्या काका, पण पान्देलिसच्या डिशवरून द्या, लवकर जाईल.

९ जून

गावात कुणी सुप्रभात म्हणत नाही. पावाची गाडी प्रत्येक दारात हॉर्न वाजवते, आमच्या दारावरून मुकी जाते. एव्हान्थियाला पाव आणायला चौकात जावं लागतं. चर्चमध्ये फादर म्हणाले, गर्वाचा खड्डा सगळ्यात खोल असतो. म्हणताना माझ्याकडं बघितलं नाही. बाकी सगळ्यांनी बघितलं.

फादरना नेट कशाला पाहिजे? देवाशी बोलायला तार लागते का?

दनाईला अजून सांगितलेलं नाही. योग्य वेळी सांगीन.

१४ जून

मोठ्या कामासाठी माणसानं लवचीक असावं. विचारांती ठरवलं: डिश. फक्त तात्पुरती, आणि फक्त दनाईसाठी. पान्देलिसकडं गेलो. त्यानं टोमणा मारला नाही, दाजी बसा म्हणाला, शिडी काढली. मेव्हणा शेवटी मेव्हणा.

तो कौलांवर चढला, हातात डिश, आणि खालून उरानियाबाई ओरडत आल्या. थांबा, थांबा! घर पट्टीच्या आत आहे! समितीचा निर्णय होईपर्यंत घराला बाहेरून काही लावायचं नाही. भोक नाही, खांब नाही, डिश नाही.

म्हणालो, मग अंगणात उभी करतो.

अंगणात तर डुकरं आहेत, बाई म्हणाल्या.

पान्देलिस वर इतका हसला की शिडी मलाच धरावी लागली. मी शिडी धरून उभा, तो वर हसतोय, लोक जमलेत. आयुष्यात असा दिवस बघितला नव्हता.

२१ जून

दनाईचा फोन. बाबा, फायबर लागली का? ट्रक ठरवायचाय.

म्हणालो, एक तांत्रिक बाब आहे, किरकोळ. एव्हान्थियानं फोन माझ्या हातातून घेतला आणि सगळं सांगितलं. अगदी सगळं. चरात मी उभा राहिलो ते, पान्देलिसची कॉफी, माझा फोन. डुकरंसुद्धा.

पलीकडून काहीच आवाज नाही. मला वाटलं लाइन गेली. गेली नव्हती.

मग दनाई म्हणाली, बाबा, आम्ही इथलं घर सोडलंय हो.

एवढंच. रडली नाही, ओरडली नाही. लहानपणीही अशीच होती, खेळणं मोडलं तरी गप्प बसायची.

लाज वाटली. लिहून ठेवतो. नंतर खोडीन.

३ जुलै

एव्हान्थिया राउटर घेऊन संडासात बसते, आतून कडी लावते. कुजबुज चालते. बाहेरून विचारलं, कुणाशी बोलतेस? म्हणाली, माणसांशी.

लार्सच्या पलंगाला दुसरा हात दिला. निळा खुलून दिसतो. काही ना काही मार्ग निघेल. निवेदनाची पुरवणी लिहायला घेतली आहे: गोठ्याखालून फायबर नेण्याची पद्धत.

१२ ऑगस्ट

खालच्या गावच्या अध्यक्षांनी टरबूज पाठवलं. भलंमोठं. चिठ्ठी: इंजिनियरसाहेबांना, आमच्या गावाकडून, मनःपूर्वक आभार.

फेकून द्यायला उचललं. उकाडा फार होता. खाल्लं. गोड होतं, म्हणून जास्तच राग आला.

पान्देलिस म्हणाला, दाजी, पुतळा उभारतील बघा तुमचा. खालच्या चौकात.

२९ ऑगस्ट

आज ट्रक आला.

तिकडचं घर सोडलेलं, येणार ते इथंच, म्हणून सकाळपासून बाल्कनीत होतो. चादरी घातल्या होत्या, अंगण झाडलं होतं, जेवढं झाडायची परवानगी आहे तेवढं. मनात म्हटलं, आले की हळूहळू पटेल. पोरगी आहे माझी, बाप म्हटल्यावर काही दिवस कळ काढील.

ट्रक घाट चढला. खालच्या गावाच्या फाट्यावर आला. वळला.

मी एव्हान्थियाकडं बघितलं. तिच्या अंगावर बाहेर जायचा पोशाख होता. म्हणाली, माझ्या चुलतबहिणीचं घर घेतलंय त्यांनी, चर्चच्या मागचं. जुलैतच ठरलं. तुला सांगितलं असतं तर तू तिथंही खणायला गेला असतास.

आमच्या घराण्यातलं कुणी त्या गावात मयतीखेरीज गेलं नाही. हे तिला आठवण करून दिलं. ती म्हणाली, मग आज मयतच समज, आणि खाली गेली.

२ सप्टेंबर

एव्हान्थियानं उशी नेली. म्हणाली, काही दिवस, पोरीची घडी बसेपर्यंत.

९ सप्टेंबर

एव्हान्थियानं कढई नेली. बाई कढई घेऊन जाते तेव्हा काही दिवस नसतात.

मसूर शिजवायला घेतला. करपला. सगळ्या घराला वास. कुणाला सांगायचं?

६ ऑक्टोबर

समिती बसली. निर्णय: पुढच्या बैठकीत निर्णय. उरानियाबाईंनी फोन करून सांगितलं, धीर धरा. तुमच्यासारखी माणसं, वगैरे. फोन ठेवला.

पुरवणी मंत्रालयाला पाठवायची राहिली आहे. पान्देलिसकडून पाठवता येईल. तो मला आता टोमणे मारत नाही. कॉफी आणून ठेवतो, पैसे घेत नाही. ते जास्त वाईट.

३ नोव्हेंबर, रविवार

दर रविवारी खाली जेवायला जातो. चालत. रस्ता मुळीच लांब नाही.

आज कोंबडी होती, शेवयांबरोबर. दनाईनं जेवणाआधी मला तिची खोली दाखवली. म्हणाली, बघा बाबा. एक अख्खी इमारत होती त्या फाइलीत, पाच मजल्यांची. तिनं बोट ठेवलं, बोट उचललं, इमारत स्टुटगार्टला. काही अडलं नाही, काही थांबलं नाही. भिंतीतून एक केसाएवढी तार आलेली, बस. मी खूप वेळ त्या तारेकडं बघत राहिलो. देशानं मनावर घेतलं की असं होतं, हेच तर मी सगळ्या निवेदनात लिहिलं होतं. दनाईला म्हणालो, छान आहे. ती म्हणाली, हो ना?

माझ्यावर रागावलेली नाही. मला तेच सहन होत नाही.

जेवताना लार्स माझ्या मांडीवर. आपली भाषा आता फडाफड बोलतो, खालच्या गावचा हेल काढून. माझ्या मिशीला हात लावला आणि विचारलं, आजोबा, तुम्ही कुठल्या देशात राहता?

उवे हसला, दनाई हसली. एव्हान्थिया हसली नाही, माझ्या ताटात आणखी शेवया वाढल्या. मी लार्सला खिडकीपाशी नेलं आणि वर बोट दाखवलं. ते पांढरं घर दिसतंय ना, डोंगराच्या कडेला, ते माझं. हाच देश.

त्यानं काचेला नाक लावून वर बघितलं. मग म्हणाला, एवढं जवळ? मग तिकडं एकटे का राहता?

मी तोंड उघडलं. गुंतवणूक, तत्त्व, रोमन काळ, सगळं तयार होतं. पण चार वर्षांच्या पोराला सांगण्यासारखं त्यात काही सापडलं नाही.